बेला बसली होती

चौकशीच्या कागदांत माझं विधान आहे आणि त्याखाली माझी सही आहे. त्यात एक वाक्य असं आहे: मोरीपर्यंत डॉगने कोणतंही इंडिकेशन दिलं नाही. हे वाक्य खोटं आहे. कोणी ते माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. मी आपणहून दिलं. आज मी अडुसष्ट वर्षांचा आहे. ते वाक्य दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. दुरुस्तीची वेळ एका चावऱ्या कुत्र्यामुळे आली, म्हणून त्याचीही हकिगत सांगावी लागेल.

मी मूळचा मखमलाबादचा. घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. भावाचं मन शेतीत रमायचं, माझं रमत नव्हतं. भरती झालो, पुढे डॉग हँडलरचा कोर्स केला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला काश्मीरमध्ये एका इन्फंट्री बटालियनला अटॅच झालो. रँक नाईक. माझ्याबरोबर बेला. काळी लॅब्रॅडॉर, वय चार वर्षं. काम, स्फोटकं हुंगून काढणं.

काम रोजचं होतं. रात्रभर बंद असलेला रस्ता सकाळी गाड्यांसाठी उघडायचा. साडेचारला उठायचं. आधी कुत्र्याचं, मग आपलं. ब्रश करायचा, पंजे तपासायचे, पाणी पाजायचं. साडेपाचला निघायचं. मी आणि बेला सगळ्यांत पुढे. आमच्या मागे दहा पावलांवर आमच्या संरक्षणासाठी एक जवान. त्याच्या मागे बाकीची पार्टी. बेलाला वास आला की ती बसायची. भुंकायचं नाही, उकरायचं नाही. बसायचं आणि माझ्याकडे बघायचं. मी हात वर केला की सगळी पार्टी जागच्या जागी थांबायची. माल सापडला की बेलाला तिचा रबरी चेंडू मिळायचा. तिच्या दृष्टीने हे सगळं त्या चेंडूसाठीच चाललेलं होतं.

दहा पावलं मागे असायचा तो सिपाही यशवंत गावित. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. वय तेवीस. कंपनीत नाशिक जिल्ह्याचे आम्ही दोघेच, त्यामुळे त्याचं तोंड माझ्यापाशी सुटायचं. मला उस्ताद म्हणायचा.

"उस्ताद, तिला रोज अंडं हाय. मला नाय. मी बी बसू का रस्त्यात?"

"बस. चेंडू देतो."

"चेंडू नको. सुट्टी द्या."

त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायकोचं नाव मंजुळा. लग्नानंतर तो तिच्याजवळ सगळे मिळून सत्तर-ऐंशी दिवस राहिला असेल.

मार्च महिना होता. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला चिखल झाला होता. त्या आठवड्यात बेला एकाच पट्ट्यात दोनदा बसली. दोन्ही वेळा सुरुंग काढणाऱ्या सॅपर्सनी जमीन उकरली, दीड-दीड तास गेला, काही निघालं नाही. गाड्यांचा ताफा खोळंबला. याला फॉल्स इंडिकेशन म्हणतात. चेंडूच्या लोभाने कुत्रं कधी कधी उगाच बसतं. जुन्या स्फोटाचा वास मातीत राहिलेला असला तरी बसतं, आणि मग ते खोटं नसतं. ती दोन्ही बसणी कुठल्या प्रकारची होती ते मला आजही सांगता येत नाही.

ती दुसऱ्यांदा बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडरनी मला बोलावलं.

"नाईक, कुत्ता थक गया है या तुम?"

"कोई नहीं, सर."

"तीसरी बार हुआ तो दोनों को वापस भेजूँगा."

माझ्या हवालदारीची शिफारस त्याच महिन्यात वर जायची होती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

संध्याकाळी केनेलच्या मागे मी बेलाला सरावाला लावलं. रिकाम्या जागी कुत्रं बसलं तर 'नो' म्हणायचं आणि पट्टा हलका झटकायचा, एवढंच पद्धतीत आहे. मी पट्ट्याने मारलं. ती बसली की मारलं. पाच-सहा वेळा झालं. शेवटी ती बसेनाशी झाली. मला वाटलं, सुधारली. असं केलं तर कुत्रं काय शिकतं हे आम्हाला कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवलं होतं. वास आला तरी गप्प राहायला शिकतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

यशवंत तिथे उभा होता. मी निघाल्यावर त्याने तिला पाणी दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही रस्त्याखालच्या एका मोरीपाशी पोहोचलो. रस्त्याच्या कडेने मोरीच्या तोंडाकडे उतरणारी पायवाट होती. पायवाट सुरू होते तिथे बेलाचा वेग कमी झाला. शेपूट थांबली. नाक जमिनीला लागलं. मागचे पाय वाकले. ती अर्धी बसली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मग घाईने उठली.

मागून रेडिओवाला ओरडला, "कंपनी कमांडर पूछ रहे हैं. क्लिअर है?"

मी पट्टा झटकला. 'नो' म्हणालो. हात वर करायचा होता, अंगठा वर केला. बेलाला ओढून पुढे नेलं.

मोरीच्या आत डोकावून बघायचं काम यशवंतचं होतं. तो पायवाटेने उतरला. सात वाजून दहा मिनिटांनी स्फोट झाला. मी आणि बेला वीस-बावीस पावलं पुढे गेलो होतो. मला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशीत प्रश्न सरळ होता. डॉगने इंडिकेशन दिलं का? मी म्हणालो, नो सर. आधीच्या दोन प्रकरणांमुळे कोणाला शंका आली नाही. बेला भरवशाची राहिली नाही असं ठरलं. तिला माझ्याकडून काढून घेऊन मागे पाठवलं आणि तिथल्या तपासणी बोर्डाने ती सेवेला अयोग्य ठरवली. त्या काळी अयोग्य ठरलेल्या कुत्र्याला कोणाच्या घरी पाठवत नसत. इंजेक्शन देत. तिला गाडीत चढवलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती का, हे मला सांगता येणार नाही. मी पाठ फिरवून उभा होतो.

पुढच्या वर्षी मी हवालदार झालो.

यशवंतच्या ट्रंकेतलं उरलेलं सामान मी माझ्या सुट्टीत सुरगाण्याला नेलं. मी जिल्ह्यातला, म्हणून मलाच सांगितलं गेलं. त्याचे वडील लहानूबाबा ओट्यावर बसले होते. मंजुळा दारात उभी होती. तिने एकच विचारलं.

"त्या कुत्रीला कळलं नाय?"

"नाही कळलं," मी म्हणालो.

वर्षभराने पाड्याच्या शाळेत यशवंतच्या नावाचा दगड बसवला. मी सुट्टी काढून गेलो. गुरुजींनी मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, कुत्रं शेवटी जनावर, त्याच्या भरवशावर आम्ही माणसं पाठवतो, कधी असं होतं. लोकांनी माना डोलावल्या. मंजुळाने तेव्हापासून अंगणात कुत्रं म्हणून येऊ दिलं नाही. दिसलं की दगड. पाड्यावरची कुत्री तिचं घर टाळून जायची. मी दर दिवाळीला जात होतो. ती मला भाऊ म्हणायची. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी करायची. मी जेवायचो.

२००१ साली निवृत्त होऊन मखमलाबादला परत आलो. भावाच्या शेजारी दोन खोल्या बांधल्या, फुलांत लक्ष घातलं. कुत्र्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. चार वर्षं ते पाळलं.

भावाच्या गाईला ताप आला म्हणून शुभाताई नावाच्या जनावरांच्या डॉक्टर घरी आल्या. नाशिक रोडच्या पुढे त्यांचा जखमी जनावरांचा छोटा निवारा होता. गाय तपासून झाल्यावर भावाने त्यांना सांगितलं, हा मिल्टरीत कुत्रे शिकवायचा. माझ्या मनात होतं की त्याने गप्प बसावं.

शुभाताई म्हणाल्या, "हवालदारसाहेब, एक केस आहे माझ्याकडे. भुंकत नाही, गुरगुरत नाही, दात दाखवत नाही. सरळ चावतो. माझी दोन माणसं फाडली त्याने. आमचे ट्रस्टी म्हणतात झोपवून टाका."

"मग टाका."

"टाकेन की. तुम्ही एकदा बघून जा, मग टाकते."

मी गेलो. तपकिरी रंगाचा, अल्सेशियनची भेसळ असलेला, उजवा कान फाटलेला. सिन्नरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात हातभर साखळीला बांधलेला सापडला होता, म्हणून तिथली माणसं त्याला सिन्नऱ्या म्हणत. मी जाळीबाहेर स्टूल घेऊन तासभर बसलो. एक माणूस पाण्याची बादली घेऊन जवळ गेला. कुत्र्याचे कान मागे गेले. ओठ किंचित हलला. गळा वरखाली झाला, पण आवाज आला नाही. नाकाडावर आडवा जुना वण होता.

मार तोंडावर बसलेला होता. गुरगुरला की मार. असं दोन-तीन वर्षं चाललं असणार. कुत्र्याचं गुरगुरणं म्हणजे त्याचं सांगणं असतं, जवळ येऊ नको. ते मारून बंद पाडलं की राग जात नाही, फक्त सांगणं जातं. मग ते न सांगता चावतं आणि लोक म्हणतात, विश्वासघातकी आहे.

शुभाताईंनी विचारलं, "काय वाटतं?"

"याला गुरगुरायला शिकवावं लागेल."

"लोक बंद करायला शिकवतात."

"हो," मी म्हणालो. "मीपण शिकवलंय."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मी त्याला घरी आणला. माझी बायको सुमन अंगणात फुलं निवडत होती.

"नाव काय याचं?"

"सिन्नऱ्या."

"चावतो?"

"हो."

"बरं झालं. तुमच्या बहिणीचं येणं कमी होईल."

गोठ्याच्या मागे त्याच्यासाठी जाळीची जागा केली. लांब, हलकी साखळी. दिनक्रम ठरवला. सकाळी सहाला पंधरा फुटांवर त्याच्याकडे पाठ करून बसायचं, अर्धा तास. डोळ्यांत बघायचं नाही. भाकरीचा तुकडा मागे टाकायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. आठवड्याने बारा फूट. त्याचं अंग ताठ झालं, गळा हलला की मी लगेच उठून तीन पावलं मागे जायचं. आवाज नसला तरी मी ऐकलं, हे त्याला कळायला हवं होतं. एकदा घाई केली. पोटरीला चावला. चूक माझी होती, तशी वहीत लिहून ठेवली.

सातव्या आठवड्यात, सहा फुटांवर असताना, मागून आवाज आला. मोटार बंद पडताना येतो तसा, खरखरीत आणि अडखळत. मी उठलो, तीन पावलं मागे गेलो. आवाज थांबला. मी पुन्हा पुढे गेलो. पुन्हा आवाज. पुन्हा मागे गेलो. मग तो आडवा झाला, पाय पसरून, पहिल्यांदाच.

मी घरात जाऊन सुमनला सांगितलं, "गुरगुरला."

"मग काय, पेढे वाटू?"

"वाट."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातली परात खाली ठेवली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुपारी मी तिला बेलाचं सगळं सांगितलं. तोपर्यंत मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंजुळेला माहीत आहे?"

"नाही."

"दर दिवाळीला तिथे जेवून येता तुम्ही."

"सांगणार आहे."

"कधी?"

त्या दिवाळीला गेलो, जेवलो आणि न सांगता परत आलो. सुमन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तोपर्यंत सिन्नऱ्या सुमनच्या हातचं खाऊ लागला होता. साखळीऐवजी पट्टा आला. मी त्याला शेताच्या बांधावरून फिरवू लागलो. अनोळखी माणूस दिसला की तो गुरगुरायचा. मी थांबायचो, म्हणायचो, "ऐकलं," आणि वळायचो. आमच्यातला हा करार होता. भावाची मुलं हसायची. शुभाताई दर पंधरा दिवसांनी येऊन बघायच्या. ट्रस्टींना त्यांनी सांगून टाकलं होतं की कुत्रं आता हवालदारांचं.

जानेवारीत डोंगरातली माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली आली. त्या वर्षी मंजुळाची टोळी आमच्यापासून दोन किलोमीटरवरच्या बागेत उतरली होती. एका रविवारी दुपारी ती घरी आली. डोक्यावर नागलीच्या पिठाचं गाठोडं. मी सिन्नऱ्याला फिरवून नुकताच अंगणात आलो होतो, पट्टा हातात होता.

ती फाटकाशीच थांबली. "भाऊ, तू कुत्रं पाळलं?"

"आजारी होतं. बरं करतोय."

"तू पाळलं?" तिने पुन्हा विचारलं.

सिन्नऱ्या गुरगुरला. मोठ्याने, स्पष्ट. जसं गुरगुरावं म्हणून मी आठ महिने घालवले होते तसं. मंजुळाचा चेहरा बदलला. ती दगडासाठी खाली बघू लागली.

मला तिच्यासमोर लाज वाटली. तिच्या नवऱ्याला ज्या जातीने मारलं असं मी तिला सांगितलं होतं, ती जात माझ्या अंगणात तिच्यावर गुरगुरत होती. माझ्या हाताने पट्टा झटकला आणि माझ्या तोंडातून 'नो' गेलं. जोरात. सिन्नऱ्या एकदम गप्प झाला.

"काही करत नाही तो," मी म्हणालो. "ये, बस."

ती आली. ओट्यावर गाठोडं ठेवायला वाकली. तो काहीही आवाज न करता उठला आणि तिचा डावा हात मनगटाच्या वर धरला.

सोडवायला मला दोन-तीन सेकंद लागले. जखम खोल होती. सुमनने साबण लावून नळाखाली हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग मी तिला स्कूटरवर सरकारी दवाखान्यात नेलं. कुत्र्याला लस दिलेली होती, तरी तिला इंजेक्शनं घ्यावी लागली. नर्सने विचारलं, कुत्र्याने अचानक चावलं का? मंजुळा म्हणाली, "हां. काय न सांगता."

नर्स लिहीत होती. मी तिला थांबवायला हवं होतं. तिथेही थांबवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. मंजुळा बांधलेला हात मांडीवर ठेवून होती.

"असलीच जात," ती म्हणाली. "त्यांना बी असंच खाल्लं. सांगितलं नाय, काय नाय."

"याने सांगितलं होतं," मी म्हणालो.

ती बघत राहिली.

"तू फाटकात असताना तो गुरगुरला. तू ऐकलंस."

"ऐकलं."

"मी त्याला गप्प केलं. नंतर तुला बस म्हणालो. तो चावला ते माझ्यामुळे."

"बरं. असंल. तुझं कुत्रं हाय, तू बोलशीलच."

"बेला पण बसली होती, मंजुळा."

तिला बेला हे नाव माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मला पुन्हा सांगावं लागलं की ती कुत्री, मोरीपाशी, अर्धी बसली होती. तिला वास आला होता. ती पूर्ण बसली नाही कारण मी तिला बसण्याबद्दल मारलं होतं. मी बघितलं आणि पुढे गेलो. त्या काळ्या कुत्रीला नंतर इंजेक्शन देऊन मारलं, तेही सांगितलं.

समोरून स्ट्रेचर गेलं. एक बाई कोणाला तरी डबा आणायला सांगत होती. मंजुळाने माझ्याकडे वळून विचारलं.

"मग शाळेत तू बोलला ते?"

"खोटं."

"दहा वर्सं मी कुत्र्यांना दगडं मारते."

तिने बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"ह्याला बी सुई देशील आता?"

"नाही."

"त्या काळीला दिली." एवढं म्हणून ती उठली. "जिथं बोलला तिथं येऊन सांग. मला एकटीला सांगून काय? शिमग्याला समदे घरी असत्यात. बाबा अजून हाय."

मी तिला स्कूटरवरून सोडतो म्हणालो. ती शेअर रिक्षात बसून गेली. हात बरा होईपर्यंत तिला कात्री धरता आली नाही. सुमन तीनदा बागेवर जाऊन इंजेक्शनांसाठी तिला घेऊन आली. सुमनशी ती बोलायची. आमच्या घरी मात्र ती पुन्हा आली नाही आणि मला भाऊ म्हणाली नाही.

शिमग्यासाठी टोळ्या डोंगरात परतल्या, त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी सुरगाण्याची जीप धरली. आधी गुरुजींना पत्र पाठवलं होतं. शाळेच्या पटांगणात दगडापाशी तीस-चाळीस माणसं बसली होती. त्यांना वाटलं असावं, मी काही मदत वगैरे जाहीर करणार आहे. गुरुजींनी खुर्ची दिली. मी उभाच राहिलो.

पाच-सहा मिनिटं बोललो. तारीख, वेळ, मोरी, पायवाट. बेला किती वाकली, मी काय केलं, चौकशीत काय सांगितलं, इथे उभं राहून काय सांगितलं होतं. काही सोडलं नाही असं मला बोलताना वाटत होतं. मंजुळा बायकांत बसली होती, खाली बघत.

लहानूबाबा पुढे बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं म्हणून मी मोठ्याने बोललो होतो. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझा पोर तुझ्या मागं किती होता म्हनला?"

"दहा पावलं."

"मंग त्याला नाय दिसली ती बसताना?"

हा प्रश्न चौकशीत कोणी विचारला नव्हता. सुमनने विचारला नव्हता. मंजुळानेही नाही. मोरीपाशी काय घडलं ते मी वर लिहिलं आहे, त्यातही मी एवढं वगळलं. बाबांना मात्र उत्तर द्यावं लागलं.

"दिसली," मी म्हणालो.

"काय बोलला?"

"म्हणाला, उस्ताद, बसली ना ती?"

"तू काय बोलला?"

"मी म्हणालो, काही नाही, नाटकं करते. जा, बघून ये."

बाबांनी मान हलवली. "आन् तो गेला."

"गेला."

"माहीत असून?"

"हो, बाबा."

मागे कोणीतरी खोकलं. मंजुळा उठून शाळेच्या मागे गेली. बाबा दगडाकडे बघत बसले. त्यावर यशवंतचं नाव आणि 'कर्तव्य बजावताना' एवढंच कोरलेलं आहे. ते वाचतात की नुसतं बघतात, मला कळलं नाही.

"लहानपणापासून तसाच," ते म्हणाले. "मोठ्यानं सांगितलं की ऐकायचा. आम्हीच तसा वाढवला." मग काठी टेकून उठले. "जा आता. चारची जीप शेवटची हाय."

तोवर त्या पाड्यावरून मी जेवल्याशिवाय निघालो नव्हतो. त्या दिवशी पाणीही कोणी विचारलं नाही. ते योग्यच होतं. मी रस्त्यावर येऊन जीपची वाट बघत उभा राहिलो. कोणी मारलं असतं तर बरं झालं असतं, असा विचार मनात आला. तोही स्वतःचीच सोय बघणारा होता.

सिन्नऱ्याला मी मारू दिलं नाही. त्याच्याबरोबर पुन्हा पंधरा फुटांपासून सुरुवात केली. त्याचा आवाज परत यायला या वेळी पाच महिने लागले. पुढे तो सात वर्षं आमच्याकडे होता. माझ्या हातात पट्टा असला की मात्र शेवटपर्यंत एक डोळा त्या हातावर ठेवून चालायचा. सुमनबरोबर तसं करत नसे.

माझं विधान बदलून घ्यावं म्हणून मी तीनदा अर्ज केला. पहिल्या दोन अर्जांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याचं आलं, दोन ओळींचं. प्रकरण बंद झालेलं आहे. लिहिणाऱ्या बाबूचा त्यात काही दोष नाही. त्याच्यासमोर एक जुनी फाइल आणि एका म्हाताऱ्याचा अर्ज होता. लहानूबाबा २००९ साली गेले. मंजुळा सुमनला अधूनमधून निरोप पाठवते. माझी चौकशी करत नाही.

तिथे बदलत नाही, म्हणून इथे नोंदवतो. सिपाही यशवंत लहानू गावित, वय तेवीस. आर्मी डॉग बेला, मादी, काळी, वय चार. दोघांनीही मला वेळेवर सांगितलं होतं.